‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त? ‘हरवलेल्या स्त्रियां’वरचा एक पेपर वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘भारतात दरवर्षी वीस लाखांहून जास्त स्त्रिया हरवतात आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रौढ वयाच्या असतात.’ पुढे कंसात संदर्भ. मला ते वाक्य फार आवडलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलनं दोनच शब्द लिहिले : ‘कशाच्या तुलनेत?’

मला उत्तर देता आलं नाही. कारण मी पेपरचा सारांश वाचला होता, निष्कर्ष वाचला होता, टेबलांवरून नजर फिरवली होती. पण तो आकडा कसा काढला, हे वाचलंच नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. बरंच झालं. त्या निमित्तानं पेपर नीट वाचावा लागला आणि त्यातून जे कळलं ते आज इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय शोधत असतील, ‘जेंडर आणि आरोग्य’ हा विषय अनेकांच्या यादीत असतो. त्यांना याचा उपयोग होईल.

आधी मूळ गोष्ट

१९९० मध्ये अमर्त्य सेन यांनी एका लेखात म्हटलं की, आशियात आणि उत्तर आफ्रिकेत मिळून दहा कोटींहून जास्त स्त्रिया ‘हरवल्या’ आहेत. हरवल्या म्हणजे पोलिसांत तक्रार दिली त्या अर्थानं नाही. स्त्रियांना पुरुषांइतकाच आहार आणि उपचार मिळाले असते, तर ज्या आज जिवंत असत्या, पण नाहीत, अशा स्त्रिया. त्यांचा हिशेब साधा होता : युरोप-अमेरिकेत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, भारत-चीनमध्ये कमी. हा फरक मोजायचा आणि लोकसंख्येशी गुणायचा.

पण लगेच १९९१ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ अँन्सली कोल यांनी हिशेब वेगळ्या पद्धतीनं केला आणि आकडा आला सुमारे सहा कोटी. मग १९९४ मध्ये स्टीफन क्लासेन यांनी कोल यांची पद्धत दुरुस्त केली, आकडा आला सुमारे नऊ कोटी. जनगणनेची माहिती जवळपास तीच, तरी उत्तरं तीन. फरक होता तो ‘नैसर्गिक’ प्रमाण कोणतं मानायचं यात. सेन यांनी एक फुटपट्टी घेतली, कोल यांनी दुसरी, क्लासेन यांनी तिसरी.

म्हणजे माझ्या गाइडनी विचारलेला प्रश्न या संकल्पनेइतकाच जुना आहे. मी तो पहिल्यांदा ऐकत होते, एवढंच.

अँडरसन आणि रे यांनी नवं काय केलं

मी वाचत होते तो पेपर सिवान अँडरसन आणि देबराज रे यांचा, २०१० सालचा. त्यांनी विचारलं : स्त्रिया हरवल्या हे ठीक, पण कोणत्या वयात? कोणत्या आजारानं?

तोवर सगळ्यांचं लक्ष दोन ठिकाणी होतं. एक, गर्भलिंगनिदान. दुसरं, लहान मुलींची हेळसांड. आपल्याकडेही ‘मुलगी वाचवा’ म्हटलं की डोळ्यांसमोर सोनोग्राफी मशीन येतं. अँडरसन-रे यांनी वर्षभरात हरवणाऱ्या स्त्रियांची वयानुसार आणि कारणानुसार विभागणी केली आणि सांगितलं की, भारतातल्या हरवलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य प्रौढ आहेत. पुढे २०१२ मध्ये त्यांनी हाच हिशेब राज्यवार मांडला. त्यात देशपातळीवरची विभागणी साधारण अशी होती : १२ टक्के जन्माआधीच, २५ टक्के बालपणी, १८ टक्के प्रजननाच्या वयात आणि ४५ टक्के त्यानंतरच्या वयात.

हे वाचून कोणीही दचकेल. जवळपास निम्म्या स्त्रिया अशा वयात हरवतात, जिथे आपण शोधतसुद्धा नाही. आजीच्या छातीत दुखतं तेव्हा ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा दिला जातो आणि आजोबांच्या दुखलं की रिक्षा बोलावली जाते, हे आपण घराघरांत पाहिलेलं असतं. त्यामुळे हा ४५ टक्क्यांचा आकडा मनाला लगेच पटतो. माझं तेच झालं. आकडा आपल्या अनुभवाशी जुळला की आपण त्याची तपासणी करत नाही. संशोधनात हीच सगळ्यात निसरडी जागा.

हिशेब कसा केला

पद्धत समजून घ्यायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा, भारतात ६० ते ६४ वयोगटात वर्षाला दर हजारी २० पुरुष आणि १५ स्त्रिया मरतात. विकसित देशांत त्याच वयात १० पुरुष आणि ५ स्त्रिया मरतात. तिथे स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांच्या निम्मा आहे. मग भारतातही तो निम्मा, म्हणजे २० च्या निम्मे १०, ‘असायला हवा’. प्रत्यक्षात आहे १५. वरचे ५ म्हणजे अतिरिक्त मृत्यू. या वयोगटात दहा लाख स्त्रिया असतील, तर त्या वर्षी ५,००० स्त्रिया हरवल्या. असं प्रत्येक वयोगटासाठी, प्रत्येक कारणासाठी करत जायचं आणि बेरीज करायची.

एक गोष्ट लक्षात आली का? या उदाहरणात स्त्रिया पुरुषांपेक्षा कमीच मरत आहेत. तरीही त्या ‘हरवल्या’ आहेत, कारण त्यांनी अजून कमी मरायला हवं होतं. यात चूक काही नाही. भारताचंच पाहा. नमुना नोंदणीच्या आकड्यांनुसार १९७०-७५ मध्ये पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ५०.५ वर्षं होतं आणि स्त्रियांचं ४९. स्त्रिया मागे होत्या. २०१६-२० मध्ये पुरुष ६८.६ आणि स्त्रिया ७१.४. आता स्त्रिया पुढे आहेत. पण ‘पुढे आहेत’ म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. किती पुढे असायला हव्या होत्या, हा प्रश्न राहतोच. अँडरसन-रे यांनी तो विचारला, हे त्यांचं मोठं काम आहे.

माझा आक्षेप प्रश्नावर नाही. ‘असायला हवा’ या दोन शब्दांवर आहे.

फुटपट्टी कुठून आली

विकसित देशांत प्रौढ पुरुष स्त्रियांपेक्षा इतके जास्त का मरतात? शरीराचा भाग त्यात आहेच. २०१८ मध्ये व्हर्जिनिया झारुली आणि सहकाऱ्यांनी दुष्काळ, साथी आणि गुलामगिरी अशा भयंकर परिस्थितींतून गेलेल्या काही लोकसमूहांच्या नोंदी तपासल्या. जवळपास सगळीकडे स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगल्या होत्या. पण त्यातला मोठा वाटा तान्ह्या मुलींचा होता. म्हणजे निसर्गानं दिलेला फायदा सगळ्यात ठळक दिसतो तो पाळण्यात.

प्रौढ वयात तो किती उरतो? यावर मार्क लुय यांचा २००३ चा अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या कॅथलिक मठांत राहणाऱ्या अकरा हजारांहून जास्त नन्स आणि मंक्सच्या १८९० ते १९९५ या काळातल्या नोंदी घेतल्या. दोघांचं जगणं जवळपास सारखं : तीच शिस्त, तसंच जेवण, तसंच काम. तिथे तरुण वयापासून पुढच्या आयुर्मानातला स्त्री-पुरुष फरक, जैविक कारणांना जास्तीत जास्त श्रेय दिलं तरी, सुमारे एका वर्षाहून जास्त भरला नाही. मठाबाहेरच्या समाजात मात्र तो कितीतरी मोठा होता.

मग बाहेर काय होतं? सिगारेट आणि दारू, हे बरंचसं उत्तर. युरोपातल्या ३० देशांच्या २०११ मधल्या एका अभ्यासात, पुरुषांच्या जादा मृत्यूंपैकी साधारण ४० ते ६० टक्के धूम्रपानामुळे आणि २० ते ३० टक्के दारूमुळे असल्याचं आढळलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्त्रिया पुरुषांपेक्षा ७.८ वर्षं जास्त जगत होत्या; २०१० मध्ये हा फरक ४.८ वर्षांवर आला. चाळीस वर्षांत माणसाचं शरीर बदललं नाही. सवयी बदलल्या, उपचार बदलले.

आता वरच्या उदाहरणाकडे परत या. समजा, विकसित देशांतल्या मृत्यूंमधून धूम्रपानाचे मृत्यू वजा केले, तर तिथे पुरुषांचा दर १० वरून ७.५ आणि स्त्रियांचा ५ वरून ४.५ झाला. आता गुणोत्तर निम्मं नाही राहिलं, ०.६ झालं. मग भारतात स्त्रियांचा दर १२ ‘असायला हवा’. अतिरिक्त मृत्यू हजारी ५ ऐवजी ३. हरवलेल्या स्त्रिया ५,००० ऐवजी ३,०००. भारताच्या आकड्यांना आपण हातही लावला नाही. परदेशातल्या पुरुषांनी सिगारेट सोडली आणि आपल्याकडच्या दोन हजार स्त्रिया कागदावर ‘सापडल्या’!

उदाहरण काल्पनिक आहे, पण अडचण खरी आहे. विकसित देशांचं प्रमाण हे निसर्गाचं प्रमाण नाही. ते एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट सवयींच्या पुरुषांचं प्रमाण आहे. क्लासेन आणि सेबॅस्टियन फोल्मर यांनी नंतर अँडरसन-रे यांच्या पेपरवर टीका केली, तीही मुख्यतः या फुटपट्टीच्या निवडीवरच.

यातून मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी. ही फुटपट्टी सगळ्या वयांत सारखी भरवशाची नाही. जन्माच्या वेळचं मुलं-मुलींचं प्रमाण जगभर बरंच स्थिर असतं, त्यामुळे तिथली तूट आपण ठामपणे सांगू शकतो. तान्ह्या वयातही, एकूण बालमृत्यू किती आहेत त्यानुसार थोडं इकडेतिकडे होतं, पण दिशा स्पष्ट असते. वय वाढतं तशी त्यात सिगारेट, दारू, रस्ते, कारखाने मिसळत जातात आणि फुटपट्टी सैल होत जाते. आणि पेपरचा सगळ्यात गाजलेला आकडा, ते ४५ टक्के, नेमका तिथला आहे जिथे फुटपट्टी सगळ्यात सैल आहे.

माझ्या आक्षेपाची मर्यादा

इथवर आल्यावर मला वाटलं, झालं, पेपर निकालात निघाला. तसं झालेलं नाही.

भारतातले पुरुषही ओढतातच, विडी आणि सिगारेट दोन्ही. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार, भारतात ३० ते ६९ या वयातल्या पुरुषांच्या दर पाच मृत्यूंपैकी एक आणि स्त्रियांच्या दर वीस मृत्यूंपैकी एक धूम्रपानामुळे होतो. म्हणजे पुरुषांना मागे खेचणारं हे ओझं आपल्याकडेही आहे. मग तिथल्या गुणोत्तरातून धूम्रपान काढायचं आणि इथल्या आकड्यांत तसंच ठेवायचं, हा माझ्या उदाहरणातला हिशेबही पूर्ण न्याय्य नाही. दोन्हीकडून काढलं तर भारतातल्या पुरुषांचा दरही खाली येईल, ‘असायला हवा’ तो स्त्रियांचा दर त्यासोबत खाली येईल आणि अतिरिक्त मृत्यू पुन्हा वाढतील.

म्हणून ‘प्रौढ स्त्रिया हरवतच नाहीत’ असा निष्कर्ष काढता येत नाही. एवढंच म्हणता येतं की, एका फुटपट्टीनं काढलेला एकच आकडा पुरेसा नाही. दोन-तीन फुटपट्ट्या लावाव्यात आणि उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं द्यावं. आकडा फुटपट्टीबरोबर बराच हलत असेल, तर तेही लिहावं. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात. आपण ते शेवटच्या परिशिष्टात ढकलतो; या विषयात ते पहिल्या पानावर हवं.

आजारानुसार विभागणी : इथे अजून एक गोम

पेपरचा दुसरा दावा असा की, हरवलेल्या स्त्रियांचं कारण ‘भारतात वेगळे आजार आहेत’ हे नाही. एकेक आजार घेऊन तुलना केली तरी स्त्रिया हरवलेल्याच दिसतात. युक्तिवाद चांगला आहे. एखादा म्हणू शकला असता की, भारतात संसर्गजन्य आजार जास्त, हृदयविकार कमी, म्हणून गुणोत्तर वेगळं. त्यांनी ती पळवाट बंद केली.

पण पूर्ण बंद झाली का? ‘हृदयविकार’ ही टेबलातली एक ओळ आहे. त्या ओळीच्या आत धूम्रपान आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, उशिरा मिळालेला उपचार आहे. आजारानुसार विभागणी केली म्हणून सवयी वेगळ्या होत नाहीत.

एचआयव्हीचं उदाहरण अजून स्पष्ट आहे. सहाराखालच्या आफ्रिकेतही लोकसंख्येच्या प्रमाणात फार मोठ्या संख्येनं स्त्रिया हरवलेल्या आहेत, असं हा पेपर सांगतो आणि त्यात एचआयव्हीचा वाटा मोठा आहे. पण विकसित देशांत एचआयव्हीनं मरणाऱ्यांत पुरुष खूप जास्त होते, कारण तिथे संसर्ग मुख्यतः पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांतून आणि सुयांतून पसरला. आफ्रिकेत तो स्त्री-पुरुष संबंधांतून पसरला. न्यूयॉर्कचं गुणोत्तर जोहान्सबर्गला लावलं तर स्त्रिया ‘हरवणारच’. तिथे स्त्रियांवर अन्याय नाही असं मी म्हणत नाही. उलट, संबंधांना नाही म्हणता न येणं हा अन्यायच आहे. पण या भागाकारातून तो सिद्ध होत नाही.

लेखक पुढे दाखवतात की, १९०० च्या सुमारास अमेरिकेतही जवळपास इतक्याच प्रमाणात स्त्रिया हरवत होत्या. त्यांना यातून आपला मुद्दा बळकट होतो असं वाटतं. मला तीच जागा शंकेची वाटते. तेव्हाच्या अमेरिकेत बाळंतपणं आणि क्षय यांनी स्त्रिया खरोखरच मरत होत्या, हे आहेच. पण सिगारेटचा जमाना अजून यायचा होता, हेही आहे. या दोन्हींपैकी फुटपट्टी कशाला ‘हरवणं’ म्हणते आहे, हे तिला स्वतःला सांगता येत नाही.

आणि मृत्यूचं कारण तरी कोण लिहितं? २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. त्या प्रमाणित मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त पुरुष होते. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचून, कागदावर कारण लिहून मरण्याची शक्यताही पुरुषाला जास्त. या कागदांवरून ‘स्त्रिया कशानं मरतात’ हे सांगायचं, तर जी दवाखान्यात पोचलीच नाही तिचं काय? म्हणूनच झा यांच्या ‘मिलियन डेथ स्टडी’सारख्या कामांत घरी जाऊन नातेवाइकांना शेवटच्या आजाराविषयी विचारतात आणि त्यावरून डॉक्टर कारण ठरवतात. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. त्यातही त्रुटी आहेत. उत्तर देणारे नातेवाईकच असतात. पण निदान घरी मेलेली बाई हिशेबात येते.

कोणतीही फुटपट्टी लावा

आता पेपरचा जो भाग मला पक्का वाटतो त्याकडे येते. प्रौढ स्त्रियांच्या अतिरिक्त मृत्यूंमध्ये ‘इजा’ या कारणाचा वाटा मोठा आहे, असं अँडरसन-रे दाखवतात. जगात जवळपास सगळीकडे इजेनं पुरुष जास्त मरतात : रस्त्यावर, कामावर, मारामाऱ्यांत. भारतात त्यातला एक प्रकार उलटा आहे : भाजणं.

२००९ मध्ये प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी २००१ सालच्या मृत्यूंचा अंदाज काढला. त्या एका वर्षात भारतात आगीनं सुमारे १,६३,००० माणसं मेली. त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण पुरुषामागे तीन तरुण स्त्रिया. आणि हा एकूण अंदाज पोलिसांच्या आकड्याच्या सहापट होता.

इथे विकसित देशांचं गुणोत्तर लागत नाही. सिगारेटचा वाद लागत नाही. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत राहणारा तरुण पुरुष मरत नाही आणि ती मरते, एवढी तुलना पुरते. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी मराठी पेपरांत इतकी वर्षं छापून आली की तिला डोळे सरावले. तो अपघात होता, आत्महत्या होती की खून, हे टेबल सांगत नाही. ते शोधायला मृत्यूपूर्व जबाब लागतो, पंचनामा लागतो, आणि तो जबाब देताना खाटेशी कोण उभं होतं हे माहीत असावं लागतं. पण कारणाचा रकाना अपुरा असला तरी वय आणि लिंग हे दोन रकाने इथे पुरेसं बोलतात.

आत्महत्यांचंही असंच. मिलियन डेथ स्टडीवर आधारलेल्या २०१२ च्या पेपरनुसार, आत्महत्या केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के १५ ते २९ वयाचे होते. स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के. या वयातल्या स्त्रियांच्या आत्महत्या बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंइतक्याच होत्या. मातामृत्यू कमी करण्यासाठी आपल्याकडे योजना आहेत, आशाताई आहेत, दर मृत्यूची चौकशी आहे. त्याच वयातल्या, तितक्याच संख्येच्या दुसऱ्या मृत्यूंसाठी काय आहे?

म्हणजे ‘प्रौढ स्त्रियांकडे पाहा’ हा पेपरचा सल्ला बरोबर आहे. मात्र त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ४५ टक्क्यांत नाही, त्याच्या अलीकडच्या १८ टक्क्यांत आहे. मी सिनॉप्सिसमध्ये नेमका कच्चा आकडा उचलला होता आणि पक्का सोडून दिला होता.

जे मृत्यूच्या टेबलात येतच नाही

शेवटचा मुद्दा. मृत्यू मोजायला सोपे, म्हणून आपण आरोग्याच्या जागी मृत्यू ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि २५ टक्के पुरुषांना. तोही, पुरुषांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ असताना. म्हणजे स्त्रियांसाठी उंबरठा खाली ठेवूनही दुपटीहून जास्त. रक्तक्षयानं मृत्यू झाला असं क्वचितच लिहिलं जातं. बाई दम लागत, पाय ओढत, तीस वर्षं घर आणि शेत सांभाळते आणि सत्तरीत पुरुषानंतर जाते. आयुर्मानाच्या रकान्यात ती ‘पुढे’ असते.

‘बायका आजारी असतात, पुरुष मरतात’ हे वाक्य या विषयात नेहमी ऐकायला मिळतं. ते विरोधाभास म्हणून सांगितलं जातं. मला त्यात विरोधाभास कमी आणि दोन वेगळ्या फुटपट्ट्या जास्त दिसतात.

तुम्ही विषय घेणार असाल तर

सांगण्यासारखं थोडंच आहे.

१. ‘स्त्रियांचे मृत्यू जास्त’ असं वाक्य दिसलं की थांबा. पुरुषांपेक्षा जास्त, पूर्वीपेक्षा जास्त, की अपेक्षेपेक्षा जास्त? अपेक्षेपेक्षा असेल तर अपेक्षा कोणाची, हे पद्धतीच्या भागात शोधा.

२. गुणोत्तर वाचताना वरचा आकडा आणि खालचा आकडा वेगवेगळे लिहून काढा. गुणोत्तर बदललं ते स्त्रियांमुळे की पुरुषांमुळे, हे गुणोत्तराला विचारून कळत नाही.

३. कारणाचा रकाना कोणी भरला ते पाहा : डॉक्टर, पोलीस, नातेवाईक की संगणकातलं मॉडेल. अँडरसन-रे यांची कारणं जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांवर आधारलेली होती. त्या अंदाजांमागची भारताची मूळ माहिती तुटपुंजी होती.

४. महानिबंधक कार्यालयाचे नमुना नोंदणीवर आधारित आयुर्मान तक्ते घ्या. महाराष्ट्राच्या प्रत्येक वयोगटासाठी स्त्री-पुरुष मृत्युदरांचं गुणोत्तर काढा. मग एकदा केरळची फुटपट्टी लावा, एकदा एखाद्या युरोपीय देशाची. एक्सेलमध्ये एका दुपारचं काम आहे. ज्या वयात दोन्ही उत्तरं जुळतात तिथे ठामपणे लिहा. जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत, हाच कदाचित तुमचा विषय असेल.

माझं ते वाक्य मी शेवटी बदललं. आता तिथे असं आहे : ‘भारतात तरुण विवाहित वयातल्या स्त्रियांचे भाजण्यानं होणारे मृत्यू त्याच वयातल्या पुरुषांच्या कित्येक पट आहेत; त्यापुढच्या वयातल्या स्त्रियांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा किती जास्त आहेत, हे अपेक्षा कशी ठरवली त्यावर अवलंबून आहे.’ वाक्य लांबलं आणि पहिल्याइतकं दमदार राहिलं नाही. गाइडनी या वेळी त्याखाली काही लिहिलं नाही. पान उलटलं.